पोटाचा एमआरआय एआयने जलद करायचा तर सुरुवात कोणत्या सीक्वेन्सपासून?

स्लाइस_५मिमी (प्रश्न)

नमस्कार. मशीन १.५ टेस्ला, वर १८ एलिमेंटची बॉडी कॉइल (सिग्नल पकडणारी), खाली स्पाइन कॉइल. लिव्हरचा प्रोटोकॉल (सीक्वेन्स, म्हणजे स्कॅनच्या प्रकारांची ठरलेली यादी) नेहमीचा: हेस्ट (एका झटक्यात एक स्लाइस घेणारा जलद टी-२ स्कॅन) दोन श्वासांत, श्वासावर ट्रिगर केलेला टी-२ फॅट सॅट (चरबीचा सिग्नल दाबलेला), बी ५०/४००/८०० चं डिफ्युजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणारं; बी म्हणजे त्याची तीव्रता), डिक्सन (पाणी आणि चरबी वेगळी करणारा) आणि कॉन्ट्रास्टचे फेज (औषध टोचल्यावर ठराविक वेळी घेतलेली चित्रं, म्हणजेच डायनॅमिक). एआय रिकन्स्ट्रक्शन आता हाताशी आहे. दम लागणारे किंवा पोटात पाणी झालेले पेशंट १८ सेकंद श्वास रोखू शकत नाहीत, ही खरी अडचण. सगळ्याच सीक्वेन्सचा ॲक्सिलरेशन फॅक्टर (डेटा किती पट कमी घ्यायचा तो आकडा) वाढवावा का? नसेल तर आधी कुठे हात घालावा, आणि बिघडतं काय?

फेज_एन्कोड

सगळीकडे एकदम नको. हेस्टपासून सुरुवात करा, कारण तिथे वेळेबरोबर चित्रही सुधारतं. एका स्लाइससाठी रिफोकसिंग पल्सची (सिग्नल पुन्हा पुन्हा जुळवणाऱ्या) लांबच लांब रांग लागते आणि रांगेच्या शेवटी सिग्नल ओसरलेला असतो. टी-२ चा धूसरपणा येतो तो तिथूनच. फॅक्टर २ वरून ३ केला की रांग आखूड होते, कडा स्पष्ट होतात, सारही (शरीरात शोषली जाणारी रेडिओ-ऊर्जा) कमी होतो. बदल्यात नॉइज वाढतो, आणि नेमकं तेच काम एआयला चांगलं जमतं. स्लाइसला १ सेकंद धरला तर ३० स्लाइसना ३० सेकंद, म्हणजे दोन श्वास. अर्ध्या सेकंदावर आणलं तर १५ सेकंदांत एका श्वासात लिव्हर संपतं. टीआर (एका उत्तेजनापासून पुढच्यापर्यंतचा वेळ) इतका कमी केल्यावर स्लाइस इंटरलीव्ह (एकाआड एक) ठेवा, नाहीतर शेजारची स्लाइस सिग्नल खाते. सारची मर्यादा आली की मशीन टीआर वाढवायला सांगतं. तो प्रस्ताव वाचल्याशिवाय स्वीकारू नका, वाचवलेला वेळ तिथेच परत जातो.

फॅक्टर ४ च्या मोहात मात्र पडू नका. ॲक्सिअलमध्ये (आडव्या छेदात) फेज एन्कोडिंग, म्हणजे डेटाच्या रेषा एकेक करून भरण्याची दिशा, पुढून मागे असतं आणि त्या दिशेला कॉइलच्या रांगा दोनच, एक वर, एक खाली. ३ च्या पुढे नॉइजचा ढीग शरीराच्या मध्यभागी साचतो, म्हणजे पॅन्क्रियास आणि कॉडेट लोबवर. एआय तिथे जोर लावून घासतं आणि टिश्यू मेणासारखा गुळगुळीत दिसू लागतो.

के_स्पेस_केंद्र

डायनॅमिकबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होते.

आधी हिशेब. फेज एन्कोडिंगच्या २०० रेषा, ६० पार्टिशन (थरांच्या दिशेची पावलं), टीआर ६.५ मिलिसेकंद: पूर्ण डेटा घ्यायला ७८ सेकंद. दोन्ही दिशांत २×२ फॅक्टर लावला की साडेएकोणीस. ३×२ केलं तर १३, आणि त्यावर ६/८ पार्शियल फूरिए (डेटाचा आठांपैकी सहा भागच घेणं) लावलं तर जेमतेम १० (कॅलिब्रेशनच्या रेषा वेगळ्या). श्वासाच्या दृष्टीने १९ आणि १० मध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे.

पण स्कॅन आखूड झाल्यावर कॉन्ट्रास्टचा डिले तोच ठेवला, तर आर्टरियल फेज (धमन्या भरतानाचं चित्र) चुकतो. चित्राचा कॉन्ट्रास्ट के-स्पेसच्या (कच्च्या डेटाच्या तक्त्याच्या) केंद्रावर ठरतो, आणि रेषा ओळीने भरणाऱ्या लिनिअर ऑर्डरिंगमध्ये ते केंद्र स्कॅनच्या साधारण मध्यावर येतं. १९ सेकंदांच्या स्कॅनमध्ये साडेनवव्या सेकंदाला, १३ च्या स्कॅनमध्ये साडेसहाव्या. म्हणजे चित्राचा कॉन्ट्रास्ट ३ सेकंद आधी ठरतो आणि फेज फार लवकर पडतो. तेवढा डिले वाढवा. सेंट्रिक ऑर्डरिंग असेल तर केंद्र सुरुवातीलाच येतं, बदल लागत नाही. पार्शियल फूरिएने केंद्र आणखी सरकतं, तेव्हा मशीनने दाखवलेली केंद्राची वेळच प्रमाण माना. तपासायची खूण सोपी: हेपॅटिक आर्टरी भरलेली, पोर्टल व्हेनमध्ये थोडा कॉन्ट्रास्ट आलेला, हेपॅटिक व्हेन अजून रिकाम्या.

जाता जाता: पोटासाठी 'पूर्ण सॅम्पल केलेलं अस्सल चित्र' एआयच्या शिकवणीला मिळणं अवघड असतं, कारण ७८ सेकंद श्वास कोण रोखणार? अशाच शिकवणीसाठी २०१८ मध्ये खुला झालेला फास्टएमआरआयचा डेटाही आधी गुडघ्याचा होता, मेंदूचा नंतर आला. पोटात एआयकडून किती अपेक्षा ठेवायची, ते यावरून ठरवावं.

बी_८००

डिफ्युजनमध्ये बी ८०० चे ॲव्हरेज (तेच मापन किती वेळा घ्यायचं) ८ वरून ४ केले की सिग्नल-टू-नॉइज सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. तेवढं एआय भरून काढतं. भरून निघत नाही ते हालचालीचं नुकसान. जास्त ॲव्हरेजमध्ये हृदयाच्या ठोक्याने पुसलेला डाव्या लोबचा सिग्नल थोडा तरी सावरला जातो. ४ वर तिथे काळे पट्टे जास्त दिसतील. ते पट्टे एआयला 'खरे' वाटतात.

एडीसीही (डिफ्युजनवरून काढलेला, पाणी किती पसरतं याचा आकडा) तपासा. जास्त बी-व्हॅल्यूवर नॉइजच्या तळामुळे (सिग्नल संपला तरी उरणाऱ्या पातळीमुळे) एडीसी खोटा कमी येतो. एआयने तो तळ खाली नेला की एडीसी किंचित वर सरकतो, आणि जुन्या स्कॅनशी तुलना करताना उपचाराचा परिणाम झाल्याचा भास होतो. बर्फाच्या पाण्याचा फँटम (पेशंटऐवजी ठेवायचा चाचणी-नमुना) लावा: ० अंशाला एडीसी सुमारे ०.००११ चौ. मिमी प्रति सेकंद यायला हवा, जुन्या आणि नव्या दोन्ही सेटिंगवर.

स्लाइस_५मिमी

हेस्ट आधी, डायनॅमिक डिलेसकट, हे पटलं. पण डिनॉइजिंग 'हाय' ठेवल्यावर ४-५ मिमीचा लीजन (गाठ किंवा डाग) पुसला गेला नाही, हे कसं ओळखायचं?

फेज_एन्कोड

रॉ डेटा तोच ठेवून दोन रिकन्स्ट्रक्शन काढा, एक साधं आणि एक एआयचं, आणि एकातून दुसरं वजा करा. उरलेल्या चित्रात नुसती वाळू दिसली तर ठीक. रक्तवाहिन्यांच्या कडा किंवा लिव्हरची बाह्यरेषा उमटली, तर सॉफ्टवेअर नॉइजसोबत शरीररचनाही खात आहे. पातळी 'मीडियम'वर आणा. पहिले काही आठवडे दोन्ही सीरिज पॅक्सला (चित्रं साठवण्याच्या यंत्रणेला) पाठवा आणि सीरिजच्या नावात 'एआय' लिहा, म्हणजे रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना कळेल.

आणखी एक. कॅलिब्रेशन स्कॅन (कॉइलचा नकाशा घेणारा) श्वास घेऊन आणि मुख्य स्कॅन श्वास सोडून झाला, तर कॉइलचा नकाशा जुळत नाही आणि पोटाच्या मध्यभागी भुतासारखी सावली पडते. एआय ती काढत नाही, उलट रेखीव करून देतं. दोन्ही वेळी एकच सूचना द्या: श्वास पूर्ण सोडा, थांबा. घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेल्या श्वासाची जागा दर वेळी जास्त सारखी येते.

के_स्पेस_केंद्र

कोरोनल (समोरून दिसणाऱ्या छेदाच्या) हेस्टमध्ये फेज एन्कोडिंग डावीकडून उजवीकडे असेल तर हात डोक्यावर घ्या किंवा ओव्हरसॅम्पलिंग वाढवा. फॅक्टर ३ वर दंडाचं रॅप (चौकटीबाहेरच्या दंडाची भलतीकडे उमटलेली प्रतिमा) कडेला राहत नाही, थेट लिव्हरवर येऊन बसतं.