‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड? (अनुभव धागा)

न्यू जर्सीत सहा वर्षं काढून मी इंग्लंडात रेडिंगला आलो. पहिल्याच महिन्यात एक अहवाल लिहून दिला. साहेब वाचून म्हणाले, ‘क्वाइट गुड.’ न्यू जर्सीत हे शब्द म्हणजे पाठीवर थाप असायची. घरी सांगितलं, बायकोने शिरा केला. दोन आठवड्यांनी कळलं, की तोच अहवाल दुसऱ्याकडून नव्याने लिहून घेतलाय. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने मग समजावलं. इकडे ‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘बरं आहे, चालवून घेऊ’. खरंच आवडलं असतं तर ‘नॉट बॅड ॲट ऑल’ म्हणाले असते.

शिरा मात्र खरंच चांगला झाला होता.

लिफ्ट-एलेव्हेटर, पेट्रोल-गॅस ही यादी शाळकरी पोरांनाही पाठ असते, ती नको. शब्द तोच पण वजन वेगळं, आणि त्यात तुम्ही स्वतः आपटलात, असे किस्से येऊ द्या. विनोदाचे तर हवेतच.

*

लीड्स

मी नर्स आहे. दुखणं 0 ते 10 मध्ये किती, असं पेशंटला विचारायचं असतं. खुबा मोडलेले एक आजोबा आले. घामाने डबडबलेले, ओठ पांढरे. विचारलं, तर म्हणाले, ‘मस्टन्ट ग्रम्बल, लव्ह. थ्री, मे बी.’ मी नवीन होते, इमानदारीत 3 लिहिले. सिस्टरनी कागद बघितला, आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून आकडा विचारते, पण चेहरा वाचते.

माझी धाकटी बहीण ह्यूस्टनला हेच काम करते. तिचे पेशंट स्वतः फोनवर गप्पा मारता मारता 10 पैकी 11 सांगतात. ती म्हणते, खोटं नसतं ते. जोरात सांगितलं नाही तर कुणी लक्ष देणार नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. आमच्या दोघींचे आकडे एकत्र करून सरासरी काढायला हवी.

आणि एक. शेजारच्या बाईंनी सहा वाजता ‘टी’ला बोलावलं. चहाच तो, म्हणून आम्ही वरणभात जेवून गेलो. यॉर्कशरमध्ये ‘टी’ म्हणजे रात्रीचं जेवण. मटण, बटाटे, वर पुडिंग. नवऱ्याने बेल्ट सैल करून दोन्ही जेवणं निभावली.

*

देवळाली

लीड्सच्या ताईंच्या आजोबांवरून आठवलं. लष्करी इतिहास हा माझा निवृत्तीनंतरचा नाद. या विषयातला सगळ्यात महागात पडलेला किस्सा कोरियन युद्धातला आहे.

एप्रिल 1951. इमजिन नदीवर ब्रिटिशांची 29वी ब्रिगेड चिनी हल्ल्याखाली होती. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची एक बटालियन डोंगरावर पार वेढली गेलेली. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी आपल्या वरच्या अमेरिकन जनरलला, रॉबर्ट सूल यांना, परिस्थिती कळवली: ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी.’ इंग्रज अधिकाऱ्याने ऐकलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं, की आता सगळं संपत आलंय. अमेरिकन जनरलला वाटलं, थोडं अवघड आहे पण टिकून आहेत. माघारीचा हुकूम वेळेत निघाला नाही. सहाशेच्या वर माणसांतून जेमतेम काही डझन आपल्या रेषेपर्यंत परत पोचले, बाकीचे मारले गेले किंवा कैद झाले.

सगळा दोष त्या एका वाक्यावर घालू नये. समोरची चिनी फौज प्रचंड होती. आपली 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी तेव्हा कोरियातच होती. आपल्या मराठी सुभेदाराने बिनतारीवर काय सांगितलं असतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण गैरसमज झाला नसता.

*

हिंजवडी

आमच्या टीमला दुपारी लंडन आणि रात्री शिकागो. लंडनवाला म्हणतो ‘हाफ सिक्स’, म्हणजे साडेसहा. मी मनात ‘अर्धा सहा’ करून साडेपाचलाच जॉईन झाले आणि तासभर एकटीच बसले.

पण खरी गंमत ‘टेबल’ची. शिकागोच्या बाई म्हणाल्या, ‘लेट्स टेबल धिस.’ आपल्याकडे विधेयक टेबल झालं म्हणजे सभागृहात मांडलं गेलं, इंग्लंडातही तसंच. आम्ही चौघांनी रात्री दोनपर्यंत जागून 22 स्लाइड्स केल्या. दुसऱ्या दिवशी मांडायला घेतल्यावर बाई बुचकळ्यात. अमेरिकेत ‘टेबल’ म्हणजे विषय बासनात गुंडाळणे! पुढे वाचलं, की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच शब्दावरून बराच वेळ भांडले होते आणि दोघांनाही हवं होतं एकच. चर्चिलनेच लिहून ठेवलंय. म्हणजे आम्ही फार काही मागासलेले नाही.

क्रिकेटमुळे ‘स्टिकी विकेट’ लगेच कळतं. ‘बॉलपार्क फिगर’ (अंदाजे आकडा) मात्र मी पहिलं वर्षभर नुसतीच मान हलवून काढलं.

*

डॅलस

आई इकडे आली होती, दादाचं लग्न ठरलेलं. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला फोटो दाखवायच्या आधीच आईने अभिमानाने सांगितलं, ‘शी इज व्हेरी होमली.’

अमेरिकेत ‘होमली’ म्हणजे, सौम्य शब्दांत सांगायचं तर, दिसायला बेताची. मैत्रिणीने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, ‘पण मनाने खूप चांगली असेल.’ आई म्हणाली, ‘हो ना, स्वयंपाकही येतो.’ मग फोटो निघाला. वहिनी चांगली देखणी आहे. मैत्रीण फोटोकडे बघते, आईकडे बघते, आणि आमच्याकडे सौंदर्याच्या अपेक्षा काय असतात या विचारात पडते.

इंग्लंडात हा शब्द घराला, खानावळीला लावतात: साधं, ऊबदार. तो मुलीला चिकटवला आपल्या लग्नाच्या जाहिरातींनी.

*

मुंबई

लहानसंच. संस्थेचा अहवाल अमेरिकन देणगीदारांना पाठवला, त्यात पानोपानी ‘गव्हर्नमेंट स्कीम’. तिकडून काळजीचा मेल: तुम्ही यात कसे अडकलात? त्यांच्या कानाला स्कीम म्हणजे कारस्थान. आता ‘प्रोग्राम’ लिहितो.

*

लेस्टर

पहिल्या आठवड्यात बसड्रायव्हर मला ‘मी डक’ (माय डक, माझ्या बदका) म्हणाला. ऑफिसात तक्रार करायच्या बेतात होते. इकडे ‘डक’ म्हणजे आपलं ‘बाळा’ किंवा ‘ताई’, आजीलाही म्हणतात आणि दाढीवाल्या बाप्यालाही.

विनोदाचं म्हणाल तर, पहिले सहा महिने ऑफिसात सगळे माझ्याशी फार सभ्यपणे वागायचे. मला वाटलं, किती चांगली माणसं. एकमेकांची मात्र सालटी काढायचे. मग जुलैमध्ये मी स्वेटर घालून गेले, तर समोरचा शांतपणे म्हणाला, ‘खिडकी उघडू का, की हिमवादळ आत येईल?’ मी दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी माझ्या बॉसबाई म्हणाल्या, ‘अभिनंदन. त्यांनी तुला आपलं मानलं.’ ज्याच्याशी सभ्यपणे बोलतात तो परका.

मग अमेरिकेहून एक सहकारी आला. त्याने माझ्या टेबलावरच्या पसाऱ्यावर एक विनोद केला आणि लगेच ‘जस्ट किडिंग!’ जोडलं. वर दुपारी येऊन विचारलं, वाईट नाही ना वाटलं? सगळं ऑफिस माना खाली घालून बसलं होतं. त्यांच्या दृष्टीने विनोद समजावून सांगणं हाच खरा अपराध.

*

क्वीन्स, न्यू यॉर्क

अमेरिकनांना तिरकस कळत नाही, ही लंडनवाल्यांनी उठवलेली आवई आहे. जानेवारीत आमच्या इमारतीचं हीटिंग बंद पडलं. सुपरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) विचारलं, कधी सुरू होईल? चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, ‘एप्रिलमध्ये तुला गरज वाटणार नाही.’ ‘जस्ट किडिंग’ वगैरे काही नाही. दुरुस्त त्याच संध्याकाळी केलं.

अमेरिका एक नाही हो. माझा भाऊ अटलांटात आहे. तिथल्या एका आजी त्याला सारखं ‘ब्लेस युअर हार्ट’ म्हणायच्या, हा वाकून नमस्कार करायच्या बेतात. दोन वर्षांनी कळलं, त्याचा बहुतेक वेळा अर्थ ‘अरेरे, अक्कल जरा कमीच पडली’ असा.

*

एडिनबरा, मूळ नागपूर

माझी तक्रार आहे. वर ‘ब्रिटिश’ म्हणून जे चाललंय ते बहुतेक इंग्रजांचं आहे. ग्लासगोच्या टॅक्सीवाल्याला तुमचं काही आवडलं नाही तर ते तुम्हाला, आणि रस्त्यावरच्या आणखी चौघांना, लगेच कळतं. इकडे फक्त सगळं ‘वी’ असतं, इवलंसं. छत गळून बादली भरली तरी ‘अ वी लीक’.

दुसरं, असा विषय निघाला की कुणीतरी पुणेरी पाट्या काढतंच, म्हणून आधीच सांगते: मला ते पटत नाही. पाटीवाला अपमान उघड करतो, मोठ्या अक्षरात. इंग्रजाने केलेला अपमान आपल्याला घरी येऊन चपला काढताना कळतो.

*

बाणेर

तातडीचं आहे. लंडनच्या मॅनेजरला नव्या डिझाइनबद्दल सांगितलं, जुना मेनू पूर्ण काढून टाकलाय. ते म्हणाले, ‘दॅट्स अ व्हेरी ब्रेव्ह डिसिजन.’ उद्या सकाळी क्लायंटला डेमो आहे. टीम पार्टी मागतेय. देऊ का?

*

रेडिंग, धागाकर्ता

बाणेरच्या ताई, पार्टी नको. जुना मेनू आहे का कुठे जपून ठेवलेला? आज रात्रीच परत लावा. तोवर चहा मागवा, आपला, यॉर्कशरचा नव्हे.