घर विकायला काढलं होतं तेव्हा... (तुमचेही अनुभव लिहा)

ओसरी
काल माळा आवरताना बाबांची लांबट वही सापडली. वाटलं हिशेबाची असेल. उघडली तर जुनं घर बघायला आलेल्यांची यादी! तारीख, किती माणसं, किती मिनिटं थांबली, काय विचारलं. तेव्हा आम्ही बाबांना हसायचो. काल रात्री दीडपर्यंत मीच वाचत बसले.

एकूण ४१ जण येऊन गेले. त्यातले १७ पहिल्या तीन आठवड्यांत, उरलेले २४ पुढच्या तेरा महिन्यांत. सहाव्या नंबरच्या जोडप्याने आमच्या किमतीपेक्षा ९ टक्के कमी सांगितले. त्यापुढे बाबांच्या अक्षरात "चेष्टा करतात काय?" शेवटी घर गेलं १७ टक्के कमीने. मधे आईने त्या जोडप्याला फोन करून बघितला होता. त्यांनी तोवर दुसरं घेऊन पडदेसुद्धा लावले होते.

मिनिटांचा रकाना तर बघण्यासारखा आहे. ४, ६, ५, ५. आणि प्रश्न बहुतेकांचा एकच, "मागची खोली अंधारी आहे का?" त्यावर बाबांचं उत्तरही लिहिलेलं, "दिवसा उजेड असतो." नसायचा हो! अर्ध्या खिडकीवर आमचं कपाट होतं. इतकी वर्षं तिथे होतं की ते खिडकीवर आहे हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. बाविसाव्या माणसानंतर ते हलवलं. त्यापुढची मिनिटं १५, २०, १२.

मंदी होती हे खरंच. पण आम्ही मंदीत तेजीचा भाव लावून बसलो होतो. शेजारचं घर दोन वर्षांपूर्वी जितक्याला गेलं ते, अधिक आमच्या नव्या फरशा, अधिक बाबांचा मान. झाली किंमत.

तुमचं सांगा. विकलेलं, न विकलेलं, सगळं चालेल.

जिन्याखाली
"अधिक बाबांचा मान" 😂😂 आमच्याकडे सासूबाईंचा मान होता.

गुळगुळीतगोटा
ओल. एवढंच सांगतो. ओल आलेल्या भिंतीला रंग मारून घेतला, बाकीच्या तीन भिंती तशाच. बघायला आलेला माणूस सरळ त्याच भिंतीपाशी गेला आणि बोटाने टकटक केली. "हीच का नवी?" म्हणाला. घामच फुटला.

मग रीतसर गळती शोधली. वरच्या न्हाणीघराच्या पाइपाचा सांधा होता, काम दीड दिवसाचं. भिंत पूर्ण वाळेपर्यंत मात्र थांबावं लागलं, नाहीतर रंगाला पुन्हा फुगे. पुढच्या गिऱ्हाइकाला आपणहून सांगितलं की इथे ओल होती, हा सांधा बदलला, ही पावती. त्याने पावतीचा फोटो काढला आणि पुढच्या खोलीत गेला. संपलं.

मध्यरात्र
मी विकणारी नाही, घेणारी होते. सोळा घरं पाहिली. पहिल्यांदा काय कळतं सांगू? वास. बंद घराचा, ओल्या कपड्यांचा, कुत्र्याचा. घरातल्यांना तो येत नाही. काहीजण तो झाकायला इतकं अत्तर फवारतात की आणखी शंका येते. सकाळीच सगळ्या खिडक्या उघडून ठेवा, बास.

आणि नळ. मी प्रत्येक घरात सगळे नळ एकदम सोडून बघायचे. एका काकूंनी मला पाण्याच्या नासाडीवर पाच मिनिटं सुनावलं होतं.

जिन्याखाली
@मध्यरात्र, त्या आमच्या सासूबाई तर नव्हेत?

मध्यरात्र
हॉलमध्ये खुर्ची टाकून बसल्या होत्या का?

जिन्याखाली
कायम! आणि येणाऱ्या प्रत्येकाला वरच्या मजल्यावरचा मुलगा ड्रम वाजवतो हे सांगायच्या. "आधीच सांगितलेलं बरं." शेवटी कुणी येणार असलं की नणंद त्यांना फिरायला न्यायला लागली. त्या महिन्यात पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्यांदा बघायला आलं.

सहजच
दलालांचा किस्सा. "जितके जास्त दलाल तितकं लवकर" या हिशेबाने चौघांना सांगितलं. प्रत्येकाने आपापल्या मनाने जाहिरात टाकली. चार जाहिराती, चार किमती, एकात तर खोलीही एक जास्त. एकजण आला तो चारही स्क्रीनशॉट घेऊन. म्हणाला, यातली सगळ्यात कमी जी आहे तिथून बोलायला सुरुवात करू. काय बोलणार?

मग तिघांना हात जोडले, एकालाच ठरावीक मुदतीसाठी दिलं. फोटो नव्याने काढले, दिवसा, पडदे सारून, ओट्यावरची भांडी हलवून. आधीच्या फोटोत आरशात मी बनियनवर दिसत होतो. चार महिने तो फोटो जगाने बघितला.

ओसरी
@सहजच 🙈🙈 एकाच दलालाला दिल्यावर मग किमतीचं काय केलंत?

सहजच
अहो तो शहाणा निघाला. म्हणाला, तुमची किंमत गोल आकड्याच्या जराशी वर आहे. लोक शोधताना "अमुकपर्यंत" असा गोल आकडाच टाकतात. तुम्ही दोन टक्क्यांसाठी त्या सगळ्यांना दिसतच नाही. खाली आणली त्या आठवड्यात फोन सुरू झाले. घर तेच, बनियनसुद्धा तेच.

निवृत्तमास्तर
ओसरीताई, आपल्या वडिलांनी केले ते जगात सगळीकडे होते. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की मिळण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचे दुःख माणसाला जास्त भारी पडते. पुढे जेनेसोव्ह आणि मेयर या अभ्यासकांनी बोस्टनमधल्या १९९०च्या दशकातल्या फ्लॅटविक्रीचे आकडे तपासले (२००१). ज्यांची खरेदी महाग पडली होती आणि आता तोटा दिसत होता, त्यांनी त्या तुटीच्या २५ ते ३५ टक्के इतकी रक्कम मागणीत चढवलेली आढळली. मिळाले थोडेसेच जास्त, विकायला वेळ मात्र जास्त लागला. आपण किती दिले होते याच्याशी समोरच्याला काहीही देणेघेणे नसते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले, आणि स्वतःचा फ्लॅट काढला तेव्हा मागणी खरेदीच्या आकड्यावरूनच ठरवली. अकरा महिने लागले.

गुळगुळीतगोटा
मास्तर 🙏 शेवटचं वाक्य लिहायला धाडस लागतं.

पाटीपुस्तक
दलाल म्हणाला की किंमत उतरवायची, हे काही मला पटत नाही. त्याला लवकर सौदा हवा असतो. आपण दोन टक्के जास्त मिळवले तर त्याच्या खिशात त्यातलं कितीसं जाणार?

निवृत्तमास्तर
रास्त आहे. लेव्हिट आणि सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या विक्रीवरून हेच दाखवले. दलाल स्वतःचे घर विकताना सरासरी साडेनऊ दिवस जास्त थांबतात आणि ३.७ टक्के जास्त मिळवतात. पण साडेनऊ दिवस, पाटीपुस्तक. महिने नव्हेत.

रिकामीगादी
थांबण्याचा खर्च कुणी धरतच नाही. आमचं घर रिकामं पडून होतं. हप्ता, देखभाल, कर, विमा, विजेचं किमान बिल. नवऱ्याने एकदा मांडून बघितलं तर महिन्याला घराच्या किमतीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास जात होतं. "पाच टक्क्यांसाठी अडून बसलोय" म्हणत दहा महिने काढले. म्हणजे ते पाच टक्के आम्हीच खाल्ले!! वर तो दर रविवारी कुलूप उघडून धूळ झाडायला जायचा. कंबर धरली ती अजून धरलेलीच आहे. कुणाला चांगला फिजिओ माहीत असेल तर सांगा, खरंच विचारतेय.

सहजच
@रिकामीगादी, फिजिओ नंतर बघा, आधी गादी बदला, नावातच आहे तुमच्या 😄

रिकामीगादी
हाहा. गादी नवीनच आहे हो.

चालतंबोलतं
दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी कमी करण्याची चूक आम्ही केली. एक टक्का, मग अर्धा, मग एक. एका गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं, "आणखी दोन महिने थांबतो, तुम्ही येताय खाली." त्यापेक्षा एकदाच नीट उतरवायला हवी होती. आणि जाहिरात जुनी झाली की लोक "इतके दिवस का गेलं नाही?" एवढंच विचारतात. घरात काही गोम नव्हती. गोम आकड्यात होती.

बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

मध्यरात्र
घेणारी म्हणून +१. जुनी जाहिरात दिसली की मी आधी कारण शोधायचे, घर नंतर बघायचे.

पाटीपुस्तक
बरं, मग योग्य किंमत कळणार कशी? वाद घालत नाही, खरंच पुढच्या महिन्यात आईचं घर काढायचंय.

ओसरी
मागणीचे आकडे बघू नका, ती सगळ्यांची स्वप्नं असतात. तशीच घरं गेल्या काही महिन्यांत प्रत्यक्ष कितीला गेली ते शोधा. नोंदणीचे आकडे मिळाले तर उत्तम. मग तुमच्या घराला त्यांच्यापेक्षा काय कमी-जास्त आहे ते एखाद्या तिऱ्हाइताला विचारा, घरच्यांना नको. आणि पहिल्या महिन्यात बरेच बघून गेले पण कुणी आकडाच बोललं नाही, तर बहुधा आकडा जास्त आहे. फोनच आले नाहीत तर फोटोंपासून सगळं तपासा.

आईच्या नावावरची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा. आमचा १७ टक्केवालाही जवळजवळ परत गेला होता. कर्ज कधीच फिटलं होतं, पण बोजा उतरवल्याचा कागद कुणी आणलाच नव्हता.

पाटीपुस्तक
तिऱ्हाइताला हे बरोबर. आई म्हणतेय स्वयंपाकघर अख्खं नवीन करून मग काढू.

गुळगुळीतगोटा
नका करू. घेणारा त्याच्या पसंतीने तोडणारच. गळके नळ, अडकणारी दारं, उडालेले दिवे, मोडक्या कड्या तेवढ्या दुरुस्त करा. आम्ही सगळीकडे जास्त उजेडाचे दिवे लावले, त्या खर्चाचा मात्र कधी पश्चात्ताप झाला नाही.

जिन्याखाली
आणि आईंना फिरायला न्या 😇

पाटीपुस्तक
आई हे वाचतेय.

जिन्याखाली
नमस्कार काकू 🙏 मी काही म्हणाले नाही.

मध्यरात्र
@ओसरी, वहीत शेवटची नोंद काय आहे?

ओसरी
"४१. दोघे + लहान मुलगी. ५० मिनिटं. मुलगी मागच्या खोलीच्या खिडकीत बसून राहिली." त्याखाली वेगळ्या पेनाने, "किल्ल्या ३ दिल्या. चौथी सापडत नाही."

सहजच
मग सापडली का?

ओसरी
वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली आहे. सेलोटेपने.

रिकामीगादी
अगं बाई.

चालतंबोलतं
कुकर झाला. कुठवर आलो होतो आपण? आणि ओसरी, त्या कपाटाचं पुढे काय केलंत?

ओसरी
आणलं की नव्या घरात. आत्ता खिडकीपासून हातभर लांब आहे, मी मोजून ठेवलंय.