आधी ड्रायव्हर तपासा
दादा, 'नव्या मॅकमध्ये रोझेटा आहे, जुनी सॉफ्टवेअरं चालतील' हे तुमचं म्हणणं अर्धंच पटतं. रोझेटा २ हे मॅकमधलं भाषांतर करणारं सॉफ्टवेअर; ते इंटेलच्या चिपसाठीचं अ‍ॅप अ‍ॅपलच्या चिपवर चालवतं, आणि खरंच छान चालवतं. पण कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारे जुने ड्रायव्हर (बाहेरचं मशीन संगणकाला ओळखू देणारे प्रोग्रॅम) त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. सांगलीतल्या आमच्या छापखान्यात नेमकं तिथंच अडलं: पानं लावायचं सॉफ्टवेअर पळतंय, प्लेट काढायचं जुनं मशीन मात्र ओळखतच नाही. ऐन लग्नसराईत पत्रिका अडकून पडल्या तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? आर्म प्रकारच्या चिपवर चालणाऱ्या विंडोजचंही तेच, ड्रायव्हर आर्मचाच लागतो. शिवाय मॅकवर चालू असलेल्या अ‍ॅपची यादी दाखवणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये कुठल्या अ‍ॅपपुढे अजून 'इंटेल' दिसतंय ते आत्ताच बघा. सर्वसाधारण अ‍ॅपसाठी रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असं अ‍ॅपलनं २०२५ मध्ये जाहीर केलंय.