मदत हवी आहे: गाईला दगडीचं (कासेच्या सुजेचं) औषध दिलंय, दूध कधीपासून द्यायचं?

नमस्कार मंडळी, मी इंदूरला असतो, राऊच्या पुढे मामांची थोडी शेती आणि तीन गाई आहेत. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाईंचं सगळं माझ्याकडे आलंय, मी आपला अकाउंटवाला माणूस, तेव्हा हसू नका.

गेल्या आठवड्यात जर्सी क्रॉसच्या डाव्या मागच्या सडातून दुधाबरोबर गुठळ्या यायला लागल्या, कासेची ती बाजू गरम आणि दगडासारखी. गावातला एक जण आला (डॉक्टर नाही, पण इंजेक्शनं तोच देतो), तीन दिवस इंजेक्शन टोचलं आणि सडात सोडायच्या ट्यूबा सुट्ट्याच देऊन गेला, खोका नाही की कागद नाही. शेवटची ट्यूब परवा संध्याकाळी सोडली. सूज उतरली, दूध दिसायला एकदम झकास.

आता भानगड अशी की दूध पाच घरी रतीबाने जातं. मी फक्त आजारी सडाचं फेकत होतो, बाकी तीन सडांचं दुसऱ्या गाईंबरोबर कॅनमध्ये. काल एका काकूंचा फोन, दही लागत नाहीये. म्हटलं विरजण जुनं असेल, तर म्हणे तेच विरजण थैलीच्या दुधाला लावलं, पाच तासांत घट्ट, आणि तुझं दुपारपर्यंत पातळ ते पातळच, साधं आंबलंसुद्धा नाही. इंदूरच्या मे महिन्यात! घरी लावून बघितलं, तेच.

मामा म्हणतात उकळलं की औषध निघून जातं, अँटिबायोटिकची भानगड कोंबडीवाल्यांची. खरं का? किती दिवस थांबू? आणि फेकायचं दूध वासराला पाजलं तर चालेल?

प्रतिसाद १: उकळून बहुतेक अँटिबायोटिकं जात नाहीत. विरजणातले जंतू औषधाने मरतायत म्हणून दही लागत नाही, काकूंनी फुकटात टेस्ट करून दिली समजा. पण उद्या लागलं म्हणून दूध साफ झालं असं धरू नका, थोडा अंश राहिला तरी लागू शकतं. एका सडात औषध सोडलं तरी चारही सडांचं दूध बाद, इंजेक्शन तर रक्तातून सगळीकडे जातंच. त्या पाच घरांत कुणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असली तर? आणि हो, कोंबडीवाल्यांचं कोलिस्टिन (हेही अँटिबायोटिकच) सरकारने 2019 मध्येच बंद केलं, गाईवाल्यांनी हात झटकायचं कारण नाही.

प्रतिसाद २: जनावरांच्या औषधावर विथड्रॉवल पिरियड (औषधानंतर किती दिवस दूध वापरायचं नाही ती मुदत) छापायचा नियम 2012 पासून आहे, त्या औषधाची मुदत नक्की तपासलेली नसेल तर दुधाला किमान 7 दिवस, शेवटच्या डोसपासून मोजायचे. तुमच्याकडे खोकाच नाही, तेव्हा आधी औषधाचं नाव काढा. वासराला नको, थोडं थोडं औषध पोटात जाऊन त्याच्या जंतूंना सवय लागते. 1962 वर (जनावरांच्या डॉक्टरांची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, नाहीतर महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा. आणि तिची धार सगळ्यात शेवटी काढा, हात धुऊन.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना. रिकाम्या ट्यूबा उकिरड्यातून शोधून काढल्या, फोटो काढून ठेवलेत, 1962 ला लावतोय. जर्सीचं दूध आजपासून खड्ड्यात. पाचही घरी फोन करून कालपर्यंतचं दूध टाकून द्या म्हणून सांगितलं, चौघं काही बोलले नाहीत, काकूंनी तेवढं विचारलं, या आठवड्याचे पैसे कापशील ना? कापतो म्हटलं. मामांना अजून सांगायचंय.