बजेट लाखाचं, ऑर्डर एक लाख तीस हजारांची. चूक कोणाची, आणि आता काय करू?

नवा_डोंबिवलीकर

मंडळी, आधीच सांगतो, ज्यांना शिव्या घालायच्या आहेत त्यांनी तसदी घेऊ नये. बायकोने कालच घालून झाल्यात.

डोंबिवलीत पहिलं घर घेतलं. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घराचा हप्ता सुरू झालाय, त्यामुळे सध्या हॉलला सोफा आणि आत एक बेड एवढंच घ्यायचं ठरवून रविवारी एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. दारातच मुलाने विचारलं, "सर, बजेट?" मी म्हटलं, नव्वद, फार तर लाख. मुलगा गोड बोलणारा. चहा पाजला, दोन-अडीच तास फिरवलं, एकदाही कपाळावर आठी नाही.

बाहेर पडताना हातात ही पावती: एल शेपचा सोफा ५२,०००, हायड्रॉलिक बेड ३४,०००, गादी १४,५००, बेडच्या बाजूची दोन टेबलं ६,०००. झाले १,०६,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १९,१७०. डिलिव्हरी-फिटिंग ३,५००, जिना चढवायचे १,५००. एकूण १,३०,६७०. जीएसटी वेगळा हे मला पावती फाडताना कळलं. मी थबकलो तर म्हणाला, "सर, नो कॉस्ट ईएमआय करून टाकू, महिन्याला अकरा हजारसुद्धा नाही." आणि मी २५,००० ॲडव्हान्स भरून मोकळा! का भरले ते आज विचारलंत तर सांगता येत नाही. दोन तास त्याने घालवले होते, नाही म्हणायला लाज वाटली, एवढंच आठवतंय.

प्रश्न दोन. मी बजेट स्पष्ट सांगितलेलं असताना त्याने एवढं वर नेलं, ही चूक त्याची की माझी? आणि ऑर्डर रद्द करता येईल का? पावतीच्या मागे छापलंय, 'ऑर्डर रद्द झाल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही.'

चहाबिस्कीट

"नव्वद, फार तर लाख" यातलं नव्वद फक्त तुम्हाला ऐकू आलं. त्याच्या कानावर लाख पडले.

गावठी_कावळा

सगळे चोर आहेत. उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटला जायचं होतं, निम्म्यात काम झालं असतं.

रंधा

@गावठी_कावळा, निम्म्यात मिळतं ते निम्मंच असतं. उल्हासनगरला चांगला मालही आहे, पण लाकूड बघणारा माणूस सोबत लागतो. सनमायकाच्या खाली भुसा बोर्ड आहे की प्लाय, हे वरून टकटक करून सगळ्यांनाच कळत नाही. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता साइटवर आहे.

जुना_सेल्समन

आठ वर्षं फर्निचर शोरूमला काढली, आता पडद्यांचं छोटं दुकान आहे. त्या मुलाच्या बाजूने थोडं आणि तुमच्या बाजूने थोडं बोलतो. दोघांनाही आवडणार नाही.

गिऱ्हाईक बजेट कधीच खरं सांगत नाही. खिशात ऐंशी असले की पन्नास सांगतं, म्हणजे घासाघीस करायला जागा राहते. त्यामुळे सेल्समन पहिल्या सहा महिन्यांत एक गोष्ट शिकतो: ऐकलेल्या आकड्यात वीस टक्के मनातल्या मनात मिळवायचे. तुम्ही खरं बोललात, पण तुमच्या आधीच्या शंभर जणांच्या खोट्याचा भुर्दंड तुम्हाला बसला. त्यात तुम्ही आकड्याला शेपूट लावलंत. "फार तर" म्हटलं की आम्ही खालचा आकडा विसरतो.

वरचा माल दाखवणं ही माझ्या मते चूक नाही. मीही दाखवायचो. चाळीसचा सोफा आणि पन्नासचा सोफा शेजारी-शेजारी बसून बघितल्याशिवाय दहा हजार कशाचे हे कळत नाही. काही लोक खरंच म्हणतात, की बरं झालं दाखवलंत. तुमचं बजेट सांभाळणं हे त्याचं काम नाही, ते तुमचं. पण बेरीज लाखाच्या पुढे गेली त्या क्षणी "सर, आता आपण तुमच्या आकड्याच्या वर चाललोय, आणि यात जीएसटी धरलेला नाही" हे तोंडाने सांगणं त्याचंच काम होतं. इथे तो चुकला. गादी आणि टेबलं तुम्ही मागितली होती की त्याने जोडली? त्याने जोडली असतील तर दोनदा चुकला.

मी कागदावर बेरीज लिहीत जायचो, जीएसटी आणि गाडीभाड्यासकट. मालक वैतागायचा. पण रद्द झालेली ऑर्डर माझ्या टार्गेटमधून वजा व्हायची, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नसे. त्यात काही पुण्य नव्हतं, हिशेब होता.

दुकान मोठं असेल तर बहुतेक वेळा एखाद्या मालावर सेल्समनला वेगळा इन्सेंटिव्ह असतो. गाद्यांवर तर हमखास. तो "गादी याच बेडची घ्या, मापात बसते" म्हणाला असेल तर समजा. बेडची मापं ठरावीक असतात, त्या मापाची गादी दुसरीकडेही मिळते.

आता ईएमआय. 'नो कॉस्ट' म्हणजे व्याज नाही असं नव्हे. व्याज असतंच, ते दुकान किंवा कंपनी सवलतीच्या रूपात सोसते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी. शिवाय रोखीने घेतलं असतं तर पाचेक टक्के कमी करून मिळाले असते, ते ईएमआयवाल्याला मिळत नाहीत. खरी कॉस्ट ती.

नवा_डोंबिवलीकर

गादी त्याने जोडली. टेबलं... बायकोने हात लावून बघितली, तेवढ्यात पावतीत आली. आणि हो, "मापात बसते" हेच शब्द होते! तुम्ही मागे उभे होतात का?

अर्धा_वकील

नाव अर्धा असलं तरी ग्राहक आयोगात फाइली वाहिल्या आहेत, म्हणून बोलतो.

आधी वाईट बातमी. दुकानात स्वतः जाऊन केलेल्या खरेदीत 'मन बदललं' एवढ्या कारणावर माल परत करायचा सरसकट हक्क आपल्या कायद्यात नाही. लोकांना वाटतं सात दिवसांत काहीही परत देता येतं. तसं नाही. दुकानाचं स्वतःचं धोरण असेल तर तेवढंच.

आता बरी बातमी. पावतीच्या मागे छापलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं सांगतं, की करार मोडला तर समोरच्याला वाजवी भरपाई मिळते, लिहिलेली सगळी रक्कम आपोआप नाही. तुमच्या सोफ्याचं कापड अजून कापलेलं नसेल आणि बेड गोडाऊनमध्ये तयार पडून असेल, तर त्यांचं २५,००० चं नुकसान कुठे झालं हे त्यांनाही सांगता आलं पाहिजे. म्हणून वेळ महत्त्वाची. सोफा ऑर्डरप्रमाणे बनणारा आहे का, आणि काम सुरू झालंय का, हे आजच लेखी विचारा. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल बरा. फोनवर झालेलं बोलणं लगेच मेसेज करून ठेवा: "आत्ता आपलं असं ठरलं." कापड एकदा कापलं की तुमची बाजू लंगडी.

खराब मालाची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिल न देणं हीसुद्धा. तुमच्या बाबतीत माल अजून यायचाय, पण आल्यावर हे लक्षात ठेवा.

तक्रारीची वेळ आलीच तर आधी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर. नंतर जिल्हा आयोग, तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण प्रामाणिकपणे सांगू? "बजेट सांगितलं होतं तरी महाग विकलं" या मुद्द्यावर आयोगात जाऊ नका. तुम्ही बेरीज बघून ॲडव्हान्स भरलाय. टॅगवरच्या किमतीत कर नाही हे लपवलं होतं, हा मुद्दा त्यापेक्षा बरा आहे. टॅगचा फोटो आहे का?

नवा_डोंबिवलीकर

फोटो आहे, बायकोने बहिणीला पाठवायला काढला होता. झूम केल्यावर खाली कोपऱ्यात 'कर अतिरिक्त' दिसतंय. मुंगीच्या अक्षरात, पण आहे.

अर्धा_वकील

मग तो मुद्दाही अर्धाच उरला. माझ्यासारखा.

पार्ल्याची_माई

मी जुन्या वळणाची. आमच्या घरी मुंबई ग्राहक पंचायतीचं महिन्याचं वाटप यायचं. यादी आधी भरायची, सामान नंतर. त्यामुळे दुकानात उभं राहून ठरवायची सवयच लागली नाही. फर्निचरलाही मी तेच करते. घरून निघताना कागदावर एकच आकडा लिहिते, गाडीभाडं, कर, जिना सगळं आत धरून. दुकानात तो कागद काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "घरात माल लागेपर्यंत माझ्या पर्समधून एवढेच जाणार. यात काय बसतं ते दाखव." मुलं आधी हसतात, मग बरोब्बर त्यातलंच दाखवतात. त्यांचाही वेळ वाचतो.

ॲडव्हान्स त्याच दिवशी द्यायचा नाही हा आमचा दुसरा नियम. "ऑफर आजच संपतेय" म्हणाला तर म्हणायचं, पुढच्या दसऱ्याला येईन. दसरा दर वर्षी येतो.

आणि लाज कसली हो? चहा त्याने प्यायला दिला, तुम्ही मागितला नव्हता.

रंधा

आलो साइटवरून. पैसे कमी करायचेत तर कुठे करायचे नाहीत ते आधी सांगतो. सोफ्याची फ्रेम आणि फोम. फ्रेम कशाची आहे विचारा. "सॉलिड वूड" हे उत्तर नाही, झाडाचं नाव सांगा म्हणावं. बसायच्या जागेचा फोम ३२ डेन्सिटीच्या खाली असेल तर दोन वर्षांत खड्डा पडतो. मला विचाराल तर ४० घ्या. हे पावतीवर लिहून घ्या, कारण कापड चढल्यावर आतलं कोणालाच दिसत नाही.

कमी करायचं तर कापडात. शोरूममध्ये जो नमुना ठेवलेला असतो त्याच्यावर बहुतेक वेळा वरच्या दर्जाचं कापड असतं. त्याच सोफ्याला साधं कापड घातलं तर पाचेक हजार सहज सुटतात. बेडचा हायड्रॉलिक काढा. फळी हाताने उचलायचा बॉक्स बेड तितकंच सामान पोटात घेतो, आणि त्यात बिघडायला पंप नाही. वर्षातून चारदा रजया काढायला कसला हायड्रॉलिक! फक्त आत प्लाय आहे की भुसा बोर्ड ते बघा. जुन्या इमारतीत भिंतीला ओल असते, भुसा बोर्ड फुगतो.

आणि तिसरा मजला, लिफ्ट नाही म्हणालात. जिन्याचं वळण मोजलंत का? एल शेपचा लांब तुकडा साडेसहा-सात फूट असतो. डोंबिवलीच्या जुन्या जिन्यांत मी सोफे दोरीने गॅलरीतून ओढलेत, त्याचे पैसे वेगळे.

जुना_सेल्समन

रंधाभाऊंचं बरोबर. एक जोडतो. दुकानात जाताना "रद्द करायचंय" म्हणून जाऊ नका, मॅनेजर लगेच पावती उलटी करून मागचं छापलेलं दाखवेल. "ऑर्डर बदलायचीय, लाखाच्या आत बसवून द्या, नाहीतर रद्द" असं म्हणा. बदललेली ऑर्डर त्याच्या महिन्याच्या विक्रीत राहते, रद्द झालेली जाते. आणि त्याच मुलाला भेटा, त्याच्या डोक्यावरून मॅनेजरकडे जाऊ नका. त्याला चूक दुरुस्त करायची संधी मिळाली तर तोच तुमच्यासाठी भांडेल. मी भांडलोय.

जायचं तर बुधवार-गुरुवारी, दुपारी. रविवारी त्याला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसेल.

नवा_डोंबिवलीकर

अपडेट देतो, कारण इथल्या जुन्या धाग्यांचं पुढे काय झालं ते कधी कळत नाही आणि मला त्याचा राग येतो.

सोमवारी सकाळीच मेसेज केला होता. उत्तर आलं, सोफ्याचं कापड शुक्रवारी कापणार. गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून दुपारी गेलो. एकटा नाही, बायको सोबत होती, आणि तिच्या पर्समध्ये पार्ल्याच्या माईंसारखा कागद. त्यावर १,००,००० आणि खाली दोन रेघा.

मुलगा आधी बिचकला. मग मीच म्हटलं, माझीही चूक आहे, पण लाखाच्या वर गेलो तेव्हा तू सांगायला हवं होतंस. तो गप्प बसला, मग म्हणाला, "सर, तुम्ही काही बोलला नाहीत, मला वाटलं चालतंय." खोटं बोलत होता असं वाटलं नाही. माझंही तेच झालं होतं, तो काही बोलत नाही म्हणजे चालत असेल.

गादी आणि टेबलं काढली. सोफ्याला साधं कापड, ४७,०००. फोम ४० डेन्सिटी, लिहून घेतलं. फ्रेम पाइनची निघाली, तेही लिहिलं. बेड साधा बॉक्सचा, २९,५००. एकूण ७६,५००, जीएसटी १३,७७०, डिलिव्हरी ३,५००. जिन्याचे १,५०० त्याने मॅनेजरशी बोलून सोडवले. ९३,७७०. आधीची पावती रद्द असं नव्या पावतीवर लिहून सही-शिक्का घेतला, २५,००० तिकडे वळवले. ईएमआय नाही. रोखीची सूट मागितली, मिळाली नाही.

पार्ल्याची_माई

शाब्बास. झोपणार कशावर?

नवा_डोंबिवलीकर

आईने गावाहून कापसाची गादी पाठवलीय. पिंजून घेतली की झालं.

रंधा

आणि जिना मोजलात?

नवा_डोंबिवलीकर

...टेप शोधतोय.