मालदीवचं पिण्याचं पाणी: भरवसा यंत्रावर ठेवायचा की पन्हळीवर?

अनघा:
४ डिसेंबर २०१४ ला मालेच्या पाणीकेंद्रात आग लागली. समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बंद पडली आणि लाखभर माणसांचे नळ कोरडे झाले. आपल्याकडून विमानांनी पाणी गेलं, नौदलाची 'सुकन्या' आणि 'दीपक' ही जहाजं गेली. 'ऑपरेशन नीर' अनेकांना आठवत असेल. एका आगीने राजधानी तहानेली राहते, हे पाहिल्यावर त्या देशाच्या पाणीनियोजनाची दिशा बदलायला हवी होती. २००८ च्या राज्यघटनेत पाण्याचा हक्क आहे, २०२० मध्ये पाणी-सांडपाण्याचा कायदाही झाला. पण आजही बेटावर 'पाणीयोजना आली' म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं आरओ यंत्र आलं, असंच धरतात.

मी तिथल्या एका लहान बेटावर तीन वर्षं शिकवत होते. घरामागे 'गिफिली', म्हणजे वर उघडी न्हाणी. तिच्यात विहीर आणि पाणी काढायला 'धानी': लांब काठीला बांधलेला डबा. आंघोळ, धुणं या मचूळ पाण्यावर. प्यायला मात्र पावसाचं. पन्हळीतून पाणी २,५०० लिटरच्या टाकीत यायचं. पहिल्या सरी टाकीत जाऊ द्यायच्या नाहीत, हे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत. तोच धावत जाऊन पाइप बाजूला करायचा.

आता हिशेब करा. पाऊस वर्षाला सुमारे २,००० मिमी. ५० चौरस मीटरच्या छपरावर एक लाख लिटर पडतो. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ८०,००० लिटर हाती राहतात. कोरडे महिने जानेवारी ते एप्रिल. सहा माणसांना पिण्या-रांधण्यासाठी रोजी ३० लिटर धरले तर १२० दिवसांना ३,६०० लिटर लागतात. म्हणजे एक टाकी पुरत नाही, दोन पुरतात. दुसऱ्या टाकीअभावी दर उन्हाळ्यात कितीतरी बेटांवर सरकारला बोटीने पाणी पोचवावं लागलंय. देशाच्या योजनेत पहिली ओळ या दुसऱ्या टाकीची असावी, असं माझं ठाम मत आहे.

पंपवाला:
ताई, हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरी पावसाचा. पावसाने ओढ दिली की टाकी डिसेंबरातच अर्धी असते. सरासरीवर देशाची योजना आखता येत नाही, वाईटातलं वाईट वर्ष धरावं लागतं.

शिवाय माले बेट दोन चौरस किलोमीटरचंसुद्धा धड नाही. माणसं लाखावर, इमारती दहा-दहा मजली. माणशी छप्पर येणार किती? विहिरींचं म्हणाल तर १९७८ ची पटकीची साथ विसरू नका. घरोघरी विहीर आणि तिच्याशेजारीच शोषखड्डा होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत, १९८८ मध्ये, मालेत पहिलं यंत्र आलं आणि त्याने माणसं वाचवली. मी पंधरा वर्षं आरओ चालवतोय. तुम्ही सांगितलेल्या आगीचा धडा 'यंत्र नको' हा नाहीच. दुसरं यंत्र, दुसरी वीज आणि काही दिवसांचा साठा हवा, हा धडा आहे.

अनघा:
दादा, मालेपुरतं मान्य. तिथे यंत्राला पर्याय नाही. पण माणसं राहतात ती बेटं १८० च्या वर आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वस्ती काही शेकडा ते हजार-दीड हजार. तिथे हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज लागते, लहान यंत्राला त्याहून जास्त. ही वीज मुख्यतः डिझेलची आणि डिझेल आयातीचं. यंत्रातलं मीठ अडवणारा पडदा, म्हणजे मेंब्रेन, खराब झालं की नवं येणार बोटीने, तेही समुद्र शांत असला तर. तुमच्या प्लांटवर सुट्या भागांचं कपाट हाताशी असेल, तिथे नव्हतं.

दीपस्तंभ:
तुम्ही दोघंही छपराकडे आणि यंत्राकडे बघताय. जमिनीखाली काय आहे? प्रवाळाच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ नियम असा की गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल, तर खाली चाळीस मीटर असतं. तिथे वर एक मीटरही नसतं, त्यामुळे थर पातळच. २००४ च्या त्सुनामीत अनेक बेटांच्या विहिरी खारट झाल्या.

आणि आता मैलावाहिन्या आल्यात. आरोग्यासाठी हव्याच, त्यावर वाद नाही. पण विहिरीचं पाणी संडासात ओतायचं आणि नळातून थेट समुद्रात सोडायचं, म्हणजे जमिनीतलं गोडं पाणी रोज उपसून फेकणं. पूर्वी ते घाण होऊन का होईना, जमिनीत परत मुरायचं. थर असाच आटत गेला तर माड आणि फणसाची झाडं कशावर जगणार? त्यांना टाकीचं पाणी कोण घालणार?

कवरत्तीकर:
आपल्या लक्षद्वीपचंही दुखणं हेच. कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या वरच्या आणि खोल थरांच्या तापमानातल्या फरकावर पाणी गोडं करतात, रोज एक लाख लिटर. मेंब्रेनची भानगडच नाही. मात्र खोल, थंड पाणी किनाऱ्याजवळ मिळायला हवं.

पंपवाला:
दीपस्तंभ, मैलावाहिनीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. संडासाला समुद्राचंच पाणी वापरावं, दुहेरी नळ लागला तरी चालेल.

अनघाताई, ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या कर्जातून २८ बेटांवरच्या पाणी-सांडपाणी योजना पूर्ण होऊन सुपूर्द झाल्या. काही बेटांवर सरकारी इमारतींच्या छपरांचं पाणी आणि आरओ यांची सांगडही घातली आहे. मला तोच रस्ता दिसतो. घरोघरच्या टाक्या कोण धुणार, डास कोण बघणार, पाणी कोण तपासणार? एकाच ठिकाणी साठवलं तर तपासता तरी येतं.

अनघा:
शाळा, मशीद, दवाखाना यांची छपरं जोडा, माझी ना नाही. पण त्याच्या जोरावर घरची टाकी काढू नका. मी निघाले त्या वर्षी नळ आला आणि शेजारणीने टाकी विकायला काढली. पन्हळ तशीच होती. जूनच्या पहिल्या पावसात पाणी धो धो अंगणात पडत होतं आणि तो मुलगा सवयीने पाइप बाजूला करायला धावला, तर पाइपच नव्हता.