जुने, लहान स्वयंपाकघर आणि हातात मोजके पैसे: आपले अनुभव लिहा

मीठमोहरी
शेजारच्या घरात सकाळपासून कडप्प्याचा ओटा फोडण्याचे काम चालले आहे आणि तो घणाचा आवाज ऐकताना मला १९९७ सालचे आमचे डोंबिवलीचे स्वयंपाकघर आठवले. सात फूट बाय सहा फुटांची ती जागा, एकच खिडकी, तिच्याखाली मोरी आणि माझ्या हातात भिशीचे साडेचार हजार रुपये. ओटा फोडून ग्रॅनाइट बसवण्याचा जो आकडा गवंड्याने सांगितला, तो ऐकल्यावर आम्ही त्याला चहा पाजून परत पाठवले.

मग सासूबाईंनी ओटा नीट पाहिला आणि दगड शाबूत असून त्यावर केवळ वीस वर्षांच्या फोडणीचा थर बसला आहे, असा निर्णय दिला. गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून त्यात भिजवलेली फडकी आम्ही रात्रभर ओट्यावर पसरून ठेवली आणि सकाळी तो थर उलथन्याने अक्षरशः खरवडून काढला. सांध्यांमध्ये काळा रंग मिसळलेले सिमेंट भरले आणि दगडाला खोबरेल तेलाचा हात दिला. हे सारे दीडशे रुपयांच्या आत झाले. उरलेल्या पैशांत ओट्यामागे दोन फूट उंचीपर्यंत पांढऱ्या टाइल्स आणि स्टीलची मांडणी आली. ती मांडणी आजही माझ्याकडे आहे. आपले अनुभव लिहावेत, फसलेले असतील तर आधी लिहावेत.

गळका नळ
फसलेलाच सांगतो. सुताराने सिंकखाली साध्या प्लायचे कपाट करून दिले आणि पैसे वाचले म्हणून मीही खूश झालो. सिंकच्या जाळीचा वायसर झिजून पाणी झिरपत होते, ते कोणाच्याच लक्षात आले नाही. एका पावसाळ्यात प्लाय पुरीसारखा फुगला, दार बसेनासे झाले आणि आत झुरळांनी संसार थाटला. आता तेथे कपाट नाही, फक्त तारेवर अडकवलेला पडदा आहे. ओलाव्याच्या जागी लाकूड वापरायचेच असेल तर ७१० क्रमांकाच्या मानकाचा शिक्का असलेला प्लाय घ्यावा. तो महाग पडतो, परंतु दोनदा साधा प्लाय घेण्याइतका नाही.

कडीपत्ता
मीठमोहरीताई, सोड्याऐवजी ॲसिड वापरले नाहीत हे फार बरे केलेत. आमच्या यजमानांनी संडास साफ करण्याचे ॲसिड कडप्प्यावर ओतले, तेव्हा दगड फसफसला आणि तेथे कायमचा पांढुरका डाग पडला. कडप्पा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्याला लिंबू, व्हिनेगर, चिंचेचे पाणी, काहीच सोसत नाही. त्या डागावर गेली अकरा वर्षे पिठाचा डबा ठेवलेला असतो.

गळका नळ
कडीपत्ताताई, यजमान हा धागा वाचतात का?

कडीपत्ता
वाचतात, आणि डबा हलवून पाहून आत्ताच बाहेर गेले आहेत.

पेठेतला भाडेकरू
आमच्या मालकांनी भिंतीला खिळा ठोकण्यास मनाई केली होती. म्हणून ओट्यामागे चिकटपट्टीचा छापील कागद लावला. पहिल्या आठवड्यात तो टाइल्ससारखा दिसत होता आणि महिन्याभरात शेगडीच्या धगीने त्याच्या कडा पापडासारख्या वळल्या. जुन्या बाजारातली चक्कर मात्र सत्कारणी लागली. बुधवारी गर्दी जरा कमी असते, म्हणून अर्धी रजा काढून गेलो आणि एका जुन्या कपाटाची सागवानी फळी घासाघीस करून आणली. दोन लोखंडी घोड्यांवर ती ठेवल्यावर डब्यांची रांग लागली आणि भिंतीला ओरखडाही पडला नाही.

दुपारचा चहा
कुकर लावून लिहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. आमच्याकडे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल दिव्याचा होता. जुनी ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर असल्याने भाजी चिरताना माझीच सावली विळीवर पडत असे. ती काढून फळीच्या खालच्या बाजूला, ओट्याच्या बरोबर वर एलईडीची पट्टी लावली आणि तांदळातले खडे दिसू लागले.

आणखी एक गोष्ट: साफसफाईसाठी शेगडी सरकवलीच आहे, तर गॅसच्या रबरी नळीवर छापलेले साल अवश्य पाहावे. ती पाच वर्षांनी बदलायची असते आणि आमची नऊ वर्षांची निघाली. शिट्ट्या झाल्या, उरलेले नंतर लिहिते.

माळ्यावरचे घंगाळ
माझा अनुभव खरेदीचा नाही, काढून टाकण्याचा आहे. रंगारी येणार म्हणून आईने माळा रिकामा केला, तेव्हा तीन फुटके स्टोव्ह, झाकणाविना सतरा डबे आणि डब्यांविना बावीस झाकणे निघाली. भंगारवाल्याने दिलेल्या पैशांत डिस्टेंपरचा डबा आला. स्टोव्हची एक पिन मात्र आईने परत ठेवून घेतली. तिचा उपयोग कशासाठी आहे, हे विचारण्याची आमची हिंमत झाली नाही.

मीठमोहरी
घणाचा आवाज थांबला आहे. खाली जाऊन पाहिले, तर कडप्प्याचे दोन चांगले तुकडे अख्खे निघाले होते. गवंड्याला विचारून दोन्ही वर आणले. एक पिंपाखाली ठेवणार आहे.

माळ्यावरचे घंगाळ
दुसरा आईला वरवंट्याखाली हवा आहे. न्यायला येऊ का?

मीठमोहरी
अवश्य या, मात्र तो उचलायला दोन माणसे लागतात आणि आमच्याकडे लिफ्ट नाही.